रिकाम्या वाडीचे दोनशे बारा

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

एक्क्याण्णव टक्के!

पावणेसहाला उत्तर आलं. फिरत्या दवाखान्याची गाडी एक. महिन्यात कामाचे दिवस चोवीस. तालुक्यात डोंगराच्या अंगाला वाड्या त्रेसष्ट. गाडी कुठे कुठे थांबवली म्हणजे जास्तीत जास्त माणसांना दोन किलोमीटरच्या आत दवाखाना मिळेल – प्रश्न एवढाच. जुन्या वेळापत्रकात चौसष्ट टक्के माणसं बसत होती. माझ्या मॉडेलमध्ये एक्क्याण्णव.

अभय सर खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसले. बराच वेळ नकाशाच बघत होते. आमची संस्था म्हणजे बेलापूरला सेक्टर अकरात दोन खोल्या आणि सहा माणसं. हे काम नीट झालं तर बाकीचे तालुकेही आपल्याकडे येतील, असं दोनदा म्हणाले. सोळा तारखेपासून गाडी माझ्या वेळापत्रकाने धावणार.

निघताना नमिता सिस्टरना फोन केला. त्या गाडीवर नर्स आहेत. आनंदाची बातमी त्यांना आधी द्यावी म्हटलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान झालं. पण मॅडम, आज उंबराच्या वाडीला चार पेशंट आले. तुमच्या कागदावर तिथे माणसं किती?"

दोनशे बारा.

"मग एकदा येऊन बघा."


५ डिसेंबर, गुरुवार

गाडीबरोबर गेले. ड्रायव्हर हौसेराव, साताऱ्याकडचे, पन्नाशीचे. "पुढं बसा. मागं लशीचा डबा आदळतोय," म्हणाले आणि गाडी काढली.

उंबराची वाडी. बत्तीस घरं. दारांच्या कड्यांना तारा गुंडाळलेल्या. अंगणात काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या, गुरं शिरू नयेत म्हणून. मी घरोघर फिरून मोजलं. माणसं सतरा. सगळी म्हातारी, आणि एक जण पाय मोडून पडलेला.

वेणूबाई म्हणून एक आजी प्रेशर तपासायला बसल्या होत्या. त्यांना विचारलं, बाकीचे कुठे गेले?

"भट्टीला. दिवाली झाली का जातात. पावसाच्या तोंडावर येतात."

"कुठल्या भट्टीला?"

"शेठच्या."

"कुठल्या शेठच्या, आजी?"

माझ्याकडे बघत राहिल्या. "शेठ मंजे शेठ. ट्रक येतो, बसतात."

विटांच्या भट्ट्या. सहा-साडेसहा महिने. म्हणजे माझे दोनशे बारा हे फक्त पावसाळ्यातले दोनशे बारा. उरलेलं निम्मं वर्ष माझं मॉडेल गाडीला तारा गुंडाळलेल्या दारांकडे पाठवणार.

परत येताना सिस्टर म्हणाल्या, "चार वर्षं मी रजिस्टरमध्ये 'स्थलांतरित' असं लिहितेय. पुढे कोण वाचतं काही कल्पना नाही."

त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते. तो रकाना माझ्याकडे आला होता. अर्धवट भरलेला आहे म्हणून मीच काढून टाकला होता.


६ डिसेंबर

दादर, चैत्यभूमी. रांगेत साडेचार तास. आई पुढे, बाबा आणि मी मागे. बाबा लहानपणी माझ्या आजी-आजोबांबरोबर जालन्याहून ऊसतोडीला जायचे. त्यांना विचारलं – तुम्ही सगळे कारखान्यावर गेलात की गावातल्या यादीत तुमचं नाव कुठे असायचं?

"गावातच. आपण नसायचो, नाव असायचं."


९ डिसेंबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात, हा त्यांचा गुण. मग म्हणाले, "करारात स्पष्ट लिहिलंय, जनगणनेचा जुना आकडा आजच्या अंदाजाने वाढवून वापरायचा. भट्ट्यांची काही यादी आहे का?"

नाही. तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी अकरा नावं मिळाली, त्यातल्या चार भट्ट्या बंद. दुसरीकडे सांगितलं, आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे फोन उचलला नाही.

"यादी नाही म्हणजे भट्ट्या नाहीत असं नाही ना, सर?"

"नाही. पण तू मॉडेलमध्ये घालणार काय? धूर?"

त्यांना टोचायचं नव्हतं. पण घरी येऊन तोच शब्द धरून बसले. धूर वरून दिसतो. वीटभट्टीची जमीनही दिसते, तांबडी. उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात.


१२ डिसेंबर

चौतीस भट्ट्या! नदीच्या दोन्ही काठांनी. डोळ्यांची आग होतेय.


१५ डिसेंबर, रविवार

बाबांच्या कंपनीला सुट्टी. रबाळ्याहून स्कूटरवर निघालो, ते पुढे, मी मागे. मी एकटीच जाणार होते. "विचारायचं कसं ते तुला माहीत आहे का?" म्हणाले, आणि हेल्मेट घातलं.

पहिल्या भट्टीवर मालकच समोर आला. "कामगार खात्याच्या का?" मी ओळखपत्र दाखवलं, मॉडेल समजावून सांगायला लागले. त्याने हात जोडून रस्ता दाखवला. दुसरीकडेही तेच. मी दोन्हीकडे एकच विचारलं होतं – इथे एकूण माणसं किती?

तिसरी भट्टी पुलाखालची. बाबा म्हणाले, तू गप्प बस. मुकादमाजवळ उकिडवे बसले, तंबाखू पुढे केली. "खोपी किती पडल्या औंदा?"

"चौदा."

"लेकरं असतील बरीच."

"लय. खोपीला दोन-तीन धरा."

एवढंच. माणसं किती असं विचारलं की चौकशी वाटते. खोपी किती म्हटलं की गप्पा.

तिथेच रखमा भेटली. उंबराच्या वाडीचीच, वेणूबाईंची सून. सव्वीस-सत्तावीसची असेल. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. विटा थापताना हात थांबत नव्हता, बोलणं पण थांबत नव्हतं. नवरा शिवराम चिखल तुडवत होता. धाकटी मुलगी नऊ महिन्यांची, साडीच्या झोळीत. मी लशीचं कार्ड मागितलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. गोवरची लस या महिन्यात द्यायची.

"गाडी वाडीवर येते," रखमा म्हणाली. "आमी हितं."

वाडी तिथून एकवीस किलोमीटर.

तिचा नंबर घेतला. माझा दिला.


१६ डिसेंबर

नवीन वेळापत्रक चालू झालं. जुन्या आकड्यांवरच. सर म्हणाले, जानेवारीत दुरुस्ती सुचवू. मी हो म्हणाले. रखमाच्या मुलीच्या लशीसाठी सिस्टरना फोन केला. त्यांनी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी जवळच्या उपकेंद्रात सोय केली. एका मुलीची झाली.


११ जानेवारी २०२५, शनिवार

सकाळी रखमाचा फोन. पुढच्या वळणावरच्या भट्टीत पोरांच्या अंगभर पुरळ. ताप. "डोले लाल झालेत. दूद पन पित नाय एक पोर."

सिस्टरना कळवलं. त्या म्हणाल्या, "गोवर असणार. पण आज आमचं ठिकाण दुसरं आहे, मॅडम. तुमच्याच वेळापत्रकात."

माझ्याच.

म्हटलं, वळवा गाडी. मला तसं सांगायचा काही अधिकार नाही. हौसेरावांनी वळवली.


१२ जानेवारी

सिस्टरनी सांगितलेलं. काल भट्टीवर आजारी मुलं नऊ. दोघांना गाडीतूनच तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. संध्याकाळी नोंदवहीत हौसेराव लिहीत होते – रस्ता बंद असल्याने वळसा घेतला. सिस्टरनी वही ओढून घेतली. "खरं लिहा. भट्टीवर गेलो असं लिहा. एकदा तरी ती कागदावर येऊ दे."


१६ जानेवारी, गुरुवार

दोघांतला मुलगा बरा होतोय. मुलगी गेली. पायल. दोन वर्षांची.


१७ जानेवारी

आज ऑफिसात गेले आणि माझी यादी उघडली. पायल कुठल्या वाडीची ते सिस्टरकडून कळलं होतं. वाडीची ओळ शोधली. गाडीचा थांबा वाडीपासून चारशे मीटर. पुढे हिरवा रंग. सेवा मिळाली.

माझ्या एक्क्याण्णव टक्क्यांत ती होती.

 मग सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला तीन आठवडे द्या. मी भट्ट्या मोजणार. करारात असो नसो. सरांनी स्क्रीनवरची ती हिरवी ओळ वाचली. चष्मा काढून पुसला. "बाकीचं काम मी बघतो," म्हणाले.


१९ जानेवारी, रविवार

रखमाकडे. एकटी गेले.

"मोजून काय व्हईल?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारत होती.

"गाडी येईल."

"नक्की?"

खोटं बोलवेना. "नक्की नाही. पण मोजल्याशिवाय येणारच नाही, हे नक्की."

तिने विटांची एक ओळ पुरी केली. मग विचारलं, "भट्ट्या किती मनालात?" चौतीस. फोटोतला नकाशा दाखवला. तिने बोट फिरवलं. इथे माझी नणंद. इथे मावशी. या दोन भट्ट्यांत शिवरामच्या मामाकडची माणसं. ही बंद झाली, आग विझलीये, दोन वर्षं. फोटोत तांबडी दिसते म्हणून मी तीही धरली होती.

चौतीसच्या तेहेतीस झाल्या.

"फोन करून इचारते," म्हणाली. "खोपी किती, पोरं किती, पोटुशा किती. आजून काय?"

मी चार रकाने आखून दिले. तिने पाचवा सांगितला – पाणी कुठून आणतात.


२ फेब्रुवारी, रविवार

पंधरा दिवसांत एकोणतीस भट्ट्या! रखमा रोज संध्याकाळी वहीचा फोटो पाठवते. शाळकरी अक्षर, प्रत्येक ओळीखाली रेघ. सहा ठिकाणी मी स्वतः जाऊन पडताळलं, बाबांच्या पद्धतीने. सहा भट्ट्या मिळून फक्त पाच माणसांचा फरक. सरकारी आकड्यात इतका कमी फरक मी कधी बघितला नाही.

एकूण दोन हजार तीनशे चाळीस माणसं. पाच वर्षांखालची मुलं चारशे अकरा. तालुक्यातल्या कुठल्याही कागदावर नसलेली.


५ फेब्रुवारी

उरलेल्या चार भट्ट्यांचेही आकडे आले. वर्षाचे दोन भाग केले. पावसाळ्याचं मॉडेल वेगळं, भट्टीच्या हंगामाचं वेगळं. चालवलं. त्र्याण्णव टक्के. सरांनी टेबलावर हलकेच हात आपटला.

मी यादी खालपर्यंत वाचली. आता सवय लावून घेतलीये, टक्के बघायच्या आधी वगळलेल्यांची यादी वाचायची. उंबराची वाडी – थांबा रद्द. तशा अकरा वाड्या. सतरा, नऊ, बावीस, चौदा म्हातारी माणसं. मॉडेलचं चुकलं नव्हतं. त्याला जास्तीत जास्त माणसं सांगितली होती, त्याने ती दिली.

सर म्हणाले, "सगळ्यांना नाही पुरणार, दीक्षा. गाडी एक आहे."

खरं आहे. तरी मी फाईल सही न करता ठेवली.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

उंबराच्या वाडीला गेले. वेणूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं बघितली. एकदा महिनाभराच्या देऊन ठेवल्या तर चालतील का, असं सिस्टरना विचारलं. चालतील, पण महिन्यातून एकदा तपासावंच लागेल. म्हणजे दर आठवड्याला नको. महिन्यातून एकदा, अकरा वाड्यांना. दिवसाला तीन वाड्या धरल्या तरी चार दिवस. ते आणायचे कुठून?

परतताना हेच मोठ्याने बोलत होते. हौसेराव बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, एक इचारू? ही गाडी रोज तालुक्याला परत का जाते?"

"लशी फ्रीजमध्ये ठेवायच्या असतात म्हणून."

"फ्रीज तर नदीकडच्या आरोग्य केंद्रात बी हाय. गाडी लावायला जागा बी हाय. मी तिथंच झोपीन. रोजचा येण्याजाण्याचा सव्वा तास वाचंल. दोन वर्सं झाली सांगतोय, पण मला कोन इचारतंय."

 गाडी रोज तालुक्यातून निघते आणि तालुक्यात परत येते – हे मॉडेलमध्ये मीच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत. कुणी विचारलं नाही, मीही नाही.


८ फेब्रुवारी

ती एक ओळ बदलली. आणि एक अट घातली – कुठलीही वाडी महिन्यात एकदा तरी. रोजचा सव्वा तास, चोवीस दिवस. सात तासांचा दिवस धरून चार दिवस निघाले, वर दोन तास शिल्लक. तेहेतीस भट्ट्या आणि सगळ्या वाड्या बसल्या.

टक्का ब्याण्णव. एकाने कमी, कारण काही थांबे आता महिन्यातून एकदाच, आणि तसा थांबा टक्क्यात धरत नाहीत. सरांना म्हटलं, मी हाच देणार. ते म्हणाले, "दे."


२० फेब्रुवारी, गुरुवार

मीटिंग. इथेच, बेलापूरला. टेबलाभोवती अकरा माणसं. आरोग्य खात्याचे मोठे साहेब उशिरा आले, पण आल्यावर फोन उलटा ठेवून नीट ऐकलं. मी एक्क्याण्णवपासून सुरुवात केली. हिरवी ओळ दाखवली. पायलचं नाव घेतलं. पाणी प्यायले, पुढे बोलले.

साहेबांनी विचारलं, "भट्ट्यांची ही आकडेवारी कुठून आणली?"

"रखमा हिलम यांनी गोळा केली."

"कुठल्या विभागाच्या?"

"पुलाखालच्या भट्टीवर विटा पाडतात."

कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "आकडे दोन आठवड्यांपूर्वीचे. आज खरे आहेत हे कशावरून?"

 मी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "रखमाताई, मी मीटिंगमध्ये आहे. आंब्याच्या वळणावरच्या भट्टीत आज किती माणसं?"

मागे मातीचा थप-थप आवाज. "एक्केचालीस होती. काल दोन बाया वाडीला गेल्या, सासू आजारी हाय. मंजे एकोनचालीस. एक पोटुशी हाय, आठवा लागला. तिला पयली घ्या, गाडी आली तर."



"आली तर नाही," साहेब फोनकडे वाकून म्हणाले, "सोमवारी येईल."

"कोन बोलतंय?"

त्यांनी नाव सांगितलं. हुद्दा नाही सांगितला.

मंजूर. सध्या मेअखेरपर्यंत. गाडीवर मदतनिसाची जागा दीड वर्ष रिकामी आहे, महिन्याच्या मानधनाची. साहेब निघता निघता म्हणाले, "त्या बाईंना विचारा."


२१ फेब्रुवारी

विचारलं. रखमा म्हणाली, "आत्ता नाय जमायचं. शेठची उचल घेतलेली हाय. पावसाआधी सुटू, मग बगू." उचल म्हणजे हंगामाआधीच घेतलेली आगाऊ मजुरी, ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. जागा जूनपर्यंत राखून ठेवायला सरांनी पत्र पाठवलं.


२४ फेब्रुवारी, सोमवार

गाडी वेळापत्रकाप्रमाणे पहिल्यांदा आंब्याच्या वळणावर. मी मुद्दाम गेले नाही. सिस्टरचा मेसेज: मुलं सोळा, गोवरची लस अकरा जणांना, आठव्या महिन्यातली तपासली, रक्त कमी, गोळ्या दिल्या. शेठ लांब उभा राहून बघत होता, मग स्वतःच येऊन साखर तपासून घेतली.


२३ मार्च, रविवार

पायलच्या आईला भेटले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं काहीच बोलले नाही. तिने मला पाणी दिलं. मी बसले. ती विटा रचत राहिली. निघताना म्हणाली, "गाडी येते आता." एवढंच. त्यात कौतुक नव्हतं. माझी तशी अपेक्षाही नव्हती.


३० मे

हंगाम संपला. ट्रक परत निघालेत. तेहेतीस भट्ट्यांत गोवरचा नवा रुग्ण एकही नाही. आठव्यातली बाळंत झाली, तालुक्याच्या रुग्णालयात. मुलगा.


२ जून, सोमवार

रखमा आजपासून गाडीवर. हौसेराव मला म्हणतात, आता पुढच्या सीटवर तुम्हाला जागा नाही.


२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. हंगामाचं वेळापत्रक नव्याने करतेय. या वेळी तीन तालुके. सरांनी दोन मुलं नवीन घेतलीत, त्यांना पहिल्या दिवशी स्कूटरवरून भट्ट्या दाखवून आणल्या. आकडे नवीन येईपर्यंत गेल्या वर्षीचेच धरलेत.


२९ ऑक्टोबर

रखमाचा फोन. "मॅडम, पुलाखालच्या भट्टीचा आकडा लिवलात का?"

हो म्हटलं.

"त्यातून आमचे पाच काढा. यंदा उचल घेतली नाय. आमी घरीच हाव."

काढले. मॉडेलमध्ये हंगामातही वाडीतच थांबलेल्यांसाठी रकानाच नाही. उद्या करते.